खेळाडू की मालमत्ता?

कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, किती कोटींना जाणार, यावर तावातावाने वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांना कर्ट फ्लड ठाऊक असेल? अमेरिकेतील सेंट लुईस कार्डिनल्सच्या या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूला ऑक्टोबर १९६९ मध्ये मालकांनी न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवर हक्क मालकाचाच, असे कलमच होते. वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याची तक्रार काय, असे तेव्हाचे शहाणे विचारत. (पगार मोठा असला की माणूस विकायला हरकत नाही, असा हा न्याय!) खरेदी-विक्रीची मालमत्ता नव्हे, असे आयुक्तांना पत्राने बजावून फ्लड न्यायालयात गेला. निवृत्त जॅकी रॉबिन्सन यांनी साक्ष दिली. मैदानावर खेळणारा एकही खेळाडू सुनावणीकडे फिरकला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. कारकीर्द तर त्याआधीच संपली होती. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने दोन गोलंदाजांना मालकांच्या पकडीतून सोडवले आणि मोठमोठ्या करारांचे दार उघडले. त्या दारातून फ्लडला एक डॉलरही मिळाला नाही.