किन्हीराजाची वेलांटी

परवा किन्हीराजाला घरी जाऊन आलो. (तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. नाशिककडचं मालेगाव नव्हे, हे दरवेळी सांगावंच लागतं!) माळ्यावर एक सीडी सापडली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी २००१ साली टाईप करून घेतल्या होत्या, त्या तिच्यात. ४० पानांचं प्रिंट तेव्हा झकास आलं होतं, पण नातेवाइकांत फिरता फिरता घरात उरली पहिली ११ पानं. त्यामुळे सीडी बघून जीव हरखला. घाईघाईने फाईल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांचा नुसता काला!

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना हे दुखणं ठाऊक असेल. तेव्हाचे बरेचसे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले देवनागरी मुखवटे. फाईलमध्ये मराठी नव्हतंच, ते फक्त त्या एका फाँटच्या चित्रांत होतं. फाँट गेला, मराठी गेलं.

आमच्या धंद्यात याला मॉडेल आणि व्ह्यूची सरमिसळ म्हणतात. माहिती काय आहे ते मॉडेल, ती दिसते कशी तो व्ह्यू. दोघांची घरं वेगळी ठेवा, हे ट्रिग्वे रीन्स्काउग या नॉर्वेच्या माणसाने १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत मांडलं. पुस्तकात वाचताना मला हे पोथीतलं सोवळं वाटायचं. स्क्रीनवर बरोबर दिसतंय ना, मग झालं की!

आता आमच्या गावाचंच नाव घ्या. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण आपण म्हणतो आधी क, मग इ. त्या फाँटांत दिसतं तशी वेलांटी आधी साठवायची. बाबांनी फाईलच्या शेवटी ओव्या सांगणाऱ्या बायकांच्या गावांची यादी दिली होती, ती कॉम्प्युटरने लावलेली. प्रिंटातलं शेवटचं पानही नाही, पण मला आठवतं, त्यात किन्हीराजा, रिसोड, शिरपूर एका गठ्ठ्यात आणि कारंजा भलतीकडेच. बाबा हसून म्हणाले होते, ‘यंत्राला बाराखडी येत नाही.’ यंत्र बिचारं वेलांटीप्रमाणेच लावत होतं! युनिकोडमध्ये आधी क साठवतात, मग वेलांटी. तिला डावीकडे नेऊन बसवायचं काम फाँटचं.

पण सगळं दिसणं म्हणजे व्ह्यू, असंही नाही. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांची वळणं वेगळी, तरी अक्षर एकच. ते फाँटवर सोडावं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’मधला फरकही तसा आकाराचाच दिसतो, पण एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या. हा फरक मॉडेलमध्येच हवा. तो युनिकोडमध्ये आहे, पण लिहायच्या रीती दोन, आणि अजूनही कुठे कुठे एका रीतीने शोधलं तर दुसरीने लिहिलेलं सापडत नाही. माझ्या मते दोन घरं करणं सोपं आहे, कोणती वस्तू कोणत्या घरातली हे ठरवणं अवघड. आणि ते ठरवायला त्या भाषेत वाढलेलं माणूसच लागतं, नुसता प्रोग्रामर भागत नाही.

असो. फाईलचं काय? हातातली ११ पानं फाईलशेजारी ठेवून कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर याचा तक्ता मी करतोय. बरीच अक्षरं लागली. काही जोडाक्षरं या ११ पानांत आलेलीच नाहीत, आणि रफार कुठे, आडवा र कुठे, हे अंदाजाने ठरवायची माझी हिंमत नाही. आजी आता सांगायला नाही.

म्हणून आत्या, मामा, अकोल्याची वहिनी, कुणाकडेही १२ ते ४० यातलं एखादं पान असेल, तर मोबाईलवर फोटो काढून पाठवा. वाळवी लागलेलं असलं तरी चालेल.