चिमट्याची चोच, ४६ मीटरची दोरी

दिल्लीत मंडी हाऊसजवळ, फिक्कीच्या इमारतीत राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय होते. ५ जून १९७८ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी ते सुरू झाले. तिथल्या ‘डिस्कव्हरी रूम’मध्ये मुलांना वस्तू हातात घेऊन पाहायची मुभा होती. एरवी संग्रहालय म्हटले की ‘हात लावू नका’ची पाटी आधी दिसते! २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत हे संग्रहालय जळून खाक झाले.

सात वर्षांनी मुलांच्या हातून आणखी एक गोष्ट निसटली. २०२३ साली दिल्लीच्याच एनसीईआरटीने काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती वगळली गेली. उरली फक्त आनुवंशिकता. अभ्यासाचा भार कमी करायचा, हे कारण. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असेही सांगण्यात आले. पण दहावीनंतर जी मुले कॉमर्स, आर्ट्स किंवा नुसते गणित घेतात, त्यांचे काय? त्यांची आणि डार्विनची गाठ पडणार कधी? १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून नेमका हाच आक्षेप घेतला.

धडा गेला म्हणून विषय थांबायला हवा असे मात्र नाही. उलट उत्क्रांती हा घोकंपट्टीपेक्षा हातांनी चांगला कळणारा विषय आहे. जगभरचे विज्ञानशिक्षक कार्यशाळांमध्ये एक साधा खेळ घेतात. दहा-बारा मुले जमवा. कुणाला चमचा द्या, कुणाला कपडे वाळत घालायचा चिमटा, कुणाला दोन काड्या. ही त्यांची ‘चोच’. चादरीवर राजमा, तांदूळ आणि दोऱ्याचे तुकडे पसरा. एक मिनिटात ज्याने त्याने आपल्याच चोचीने दाणे वेचून पेल्यात टाकायचे. सर्वांत कमी वेचणारे दोघे ‘उपाशी मरतात’ आणि सर्वांत जास्त वेचणाऱ्यांची पिल्ले म्हणून, त्यांच्याच चोची घेऊन परत येतात. तीन-चार फेऱ्यांत एकाच प्रकारच्या चोची वाढू लागतात. मग राजमा उचलून घ्या, नुसते दोरे ठेवा. लगेच डाव फिरतो!

यातून मुलांना काय कळते? कुठल्याही पक्ष्याने ‘मला लांब चोच हवी’ म्हणून ती वाढवली नाही. चोची आधीपासूनच निरनिराळ्या होत्या. त्या त्या जागी जी उपयोगी पडली, तिची पिल्ले जास्त जगली. डार्विनने १८५९ साली मांडलेल्या नैसर्गिक निवडीचे सूत्र ते हेच. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, हा गैरसमजही इथेच गळून पडतो.

राहिला नेहमीचा प्रश्न : माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला? जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हाच सवाल करून डार्विनला चुकीचे ठरवले होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर विरोध केला.

मुलांना उत्तर द्यायला ४६ मीटर दोरी पुरते. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे, म्हणजे अख्खी दोरी पृथ्वीचे ४६० कोटी वर्षांचे वय. शाळेच्या व्हरांड्यात ती ताणा आणि ‘आज’च्या टोकापासून मागे मोजत चिठ्ठ्या लावा. सुमारे ३५ मीटरवर सूक्ष्म जीव, ६६ सेंटिमीटरवर डायनासोरांचा अंत, सहा-सात सेंटिमीटरवर माणूस आणि चिंपांझी यांचे समाईक पूर्वज. आजचे माकड माणसाचा आजोबा नव्हे, लांबचा चुलतभाऊ आहे. आणि आपली मनुष्यजात? अगदी टोकाला, तीन मिलिमीटर. एका माणसाचे आयुष्य या दोरीवर दिसणारसुद्धा नाही, मग बदल होताना पाहणार कोण?

या रविवारी स्वयंपाकघरातून मूठभर राजमा काढा. शेजारची चार मुले बोलवा. पाल्याच्या शाळेत विज्ञान मंडळ असेल तर मुख्याध्यापकांकडे एक तास आणि एक व्हरांडा मागा. परीक्षेत या विषयाला गुण नसतील, पण ‘आपण आलो कुठून?’ असे मुलाने विचारले, तर ‘पुस्तकात नाही’ हे उत्तर आई-बाबांना शोभणार नाही.