तुटलेला बोल्ट आणि करंजीचा घाट

दिवाळी जवळ आली की घराघरांतून दोन आवाज ऐकू येऊ लागतात. स्वयंपाकघरातून झाऱ्याचा आणि अंगणातून पान्याचा. पाहुणे यायचे असतात, माहेरवाशिणींना आणायचे-पोचवायचे असते, देवदर्शन राहिलेले असते. तेव्हा मोटारीकडे पाहणे ओघानेच आले. हवा, पाणी, तेल एवढे पाहून बहुतेक गृहस्थ हात धुतात. काही मात्र ब्रेकचे पॅडही घरच्या घरी बदलतात. मी त्या दुसऱ्या वर्गातला.

ब्रेकचे महत्त्व आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. नगरहून संभाजीनगरकडे निघा, इमामपूरचा घाट. पाथर्डीकडे निघा, करंजीचा घाट. संगमनेरहून पुण्याची वाट धरा, चंदनापुरीचा घाट. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने पेटले की उसाच्या ट्रॉल्याही याच रस्त्यांवर डुलत असतात. (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडातून अजून 'नगर' सुटत नाही.) शिवाय हे गाव मोटारींच्या परीक्षेचे. येथील व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. नव्या मोटारी तपासून दाखला देणाऱ्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांत नमूद आहेत, त्यांत तिचे नाव आहे. दाखला मिळवून आलेली मोटार पुढे आमच्या अंगणात दहा-दहा पावसाळे काढते, त्याची परीक्षा मात्र कुणी घेत नाही.

पुढच्या चाकाचा ब्रेक म्हणजे काही मोठे गूढ नव्हे. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा तो कॅलिपर, आणि चिमटीच्या आत पॅड. हा कॅलिपर दोन बोल्टांनी ब्रॅकेटला धरलेला असतो. आमच्या गाडीत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो आणि झिजलेले पॅड हाती येतात. तासाभराचे काम. फक्त गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून तिच्याखाली हात घालू नये. वीट दिसायला भक्कम असते, पण न सांगता फुटते. लोखंडी घोडीच हवी.

धनत्रयोदशीच्या दुपारी मी पाना लावला. आदल्या रात्री बोल्टावर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवले होते. बोल्ट सुटतो तेव्हा हाताला झटका बसतो आणि मग पाना मोकळा फिरतो. या वेळी झटका बसलाच नाही. पाना लोण्यात फिरावा तसा मऊ फिरला, 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि बोल्टाचे डोके पान्याबरोबर हातात आले. उरलेला तुकडा ब्रॅकेटच्या आत, अगदी तोंडाशी सपाट. धरायला नखभरही जागा नाही.

आमच्या आळीत एक निवृत्त फिटर राहतात. सारी नोकरी दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात झालेली. आळी त्यांना मामा म्हणते. मामांनी तुटलेले डोके उन्हात धरून पाहिले आणि मला दाखवले. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग काळपट, गंजलेला, अर्धा लखलखीत.

"भाचेबुवा, हा आज नाही तुटला," मामा म्हणाले. "मागं कुणीतरी पान्याला नळी लावून आवळलाय. चीर तेव्हाच पडली. आज नुसता निकाल लागला."

पान्याला नळी लावून आवळणे हा आपल्याकडचा मोठा दोष आहे. जितके घट्ट तितके पक्के, अशी समजूत. वास्तविक बोल्ट ही एक स्प्रिंग असते. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांना धरून ठेवतो. हाताने शंभर भाग जोर लावला, तर त्यातला सुमारे निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक भाग आट्यांच्या घर्षणात आणि जेमतेम दहा भाग ताणण्याच्या कामी येतो. ताण प्रमाणाबाहेर गेला की स्प्रिंग परत येत नाही. मान बारीक होते, चीर पडते. त्यात पावसाळ्याचे पाणी शिरते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि आट्यांमध्ये तेवढी जागा कुठून असणार? गंज तिथेच पाचर मारल्यासारखा बसतो.

पण खरा प्रश्न यानंतर उभा राहिला. भाऊबीजेला पाथर्डीला बहिणीकडे जायचे ठरलेले. लक्ष्मीपूजन तोंडावर, वेल्डिंगवाले कुलूप लावून गावी गेलेले. शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनी कुंपणावरून तोडगा सुचवला : "वरचा बोल्ट शाबूत आहे ना? मग हळू हळू जाऊन या की! चालतंय."

हे 'चालतंय' मला घरातही ऐकू आले. बहिणीने ताट सजवून ठेवलेले, मुलांनी कपडे काढून ठेवलेले. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, मग जायचं कसं?" मी मामांकडे पाहिले. मामांनी कॅलिपर हाताने धरून वरच्या बोल्टाभोवती गर्रकन फिरवून दाखवला. एका बोल्टावर तो कॅलिपर राहत नाही, बिजागरी होते. ब्रेक दाबताच डिस्क त्याला ओढणार, तो फिरून चाकाच्या आतल्या कडेवर आदळणार. चाक अडकेल किंवा ब्रेक ऑइलची रबरी नळी तुटेल. आणि हे सपाट रस्त्यावर घडायचे नाही. जिथे जोरात ब्रेक दाबावा लागेल, तिथेच घडणार. म्हणजे करंजीच्या उतारावर, मागच्या सीटवर मुले असताना.

आम्ही एस.टी.ने गेलो. राज्यातली पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी पुण्याहून सुटली ती नगरलाच आली, हे मी मुलांना वाटेत सांगितले. त्यांचे लक्ष खिडकीकडे होते. घाटात ड्रायव्हरने गियर खाली टाकला तेव्हा मला मात्र विशेष बरे वाटले.

दिवाळी सरल्यावर मामांनी ब्रॅकेटच मागचे दोन जाड बोल्ट काढून सोडवून घेतली. का, तर तुटक्या तुकड्याला आच द्यायची असेल तर जवळपास रबर नको आणि ब्रेक ऑइलही नको; ते पेट घेते. ड्रिल मारून आत उलट्या आट्यांचा काढणी-पेच ठोकायचा, हा मार्ग पुष्कळांना माहीत असतो. मामांना तो पसंत नव्हता. तो पेच अतिशय कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, आणि मग एकाच्या जागी दोन दुखणी. त्यांनी वेल्डरला तुकड्यावर आधी वॉशर, त्यावर नट ठेवायला सांगितले आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरून घेतला. डोके गेलेल्या बोल्टाला डोके परत आले! शिवाय त्या आचेने गंजाची पकड ढिली झाली. निवल्यावर मामांनी पाना लावला. पाव आटा पुढे, पाव आटा मागे, थोडे तेल, पुन्हा पाव आटा. मी घाई केली नाही आणि त्यांनी करूही दिली नसती. दहा मिनिटांत तुकडा बाहेर आला. आट्यांतून टॅप हलक्या हाताने फिरवून गंज साफ केला.

नवा बोल्ट घेताना आणखी एक गंमत. दुकानदाराने जाडी-लांबी जुळवून एक चकचकीत बोल्ट पुढे केला. मामांनी तो उलटा करून डोक्यावरचा आकडा शोधला, आकडाच नव्हता. 8.8 असा आकडा असला तर तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे 80 किलोचा ताण सोसतो. बाजारातला साधा बोल्ट त्याच्या निम्माच. चकाकणारा स्टेनलेसही बहुधा कमीच. अखेर गाडीच्या कंपनीचाच बोल्ट मागवला, चार दिवस थांबून.

चार दिवस फुकट गेले असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एक हकीकत. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघाले आणि सतरा हजार फुटांवर कॅप्टन टिम लँकेस्टर यांच्या समोरची काच उडाली. ते कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले आणि नवल म्हणजे सगळे वाचले. काच आदल्याच दिवशी नवी बसवलेली होती. 90 बोल्टांपैकी 84 जाडीला किंचित कमी निघाले, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने. उरलेले सहा आखूड. जुने बोल्ट समोर ठेवून डोळ्यांनीच जुळवले होते.

आमचा बोल्ट आला. पुस्तकात दिला आहे तेवढाच, मापाच्या पान्याने आवळला. नळी घरात शोधूनही सापडली नसती, मामांनी ती आधीच उचलून नेली होती. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचा पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्यावा लागतो. नाहीतर पहिल्या वेळी तो सरळ तळाला जातो, आणि समोर बहुधा आपलेच फाटक असते. मग सपाट रस्त्यावर सावकाश दोन-चार फेऱ्या, मधूनमधून हलका ब्रेक, थांबून नळीपाशी ओल आहे का ते पाहणे. पुढल्या रविवारी बहिणीचे फराळाचे डबे परत करायला आम्ही मोटारीने पाथर्डीला गेलो. करंजीच्या घाटात पुढे उसाची ट्रॉली होती. तिच्यामागे दुसऱ्या गियरात, सुरक्षित अंतर ठेवून खाली उतरलो. बहिणीने डबे रिकामे परत केले म्हणून तक्रार केली, ती वेगळी.