खो कानाला नाही, पाठीला कळतो



आज एका परदेशी कॉलेजच्या फुटबॉल संघाबद्दल लिहिते आहे. आपल्या शाळेशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी. इथे गॅलॉडेट नावाचं विद्यापीठ आहे. ते कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी आहे. १८६४ साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सहीने या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तिथला संघ अमेरिकन फुटबॉल खेळतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा तो पुढच्याकडे फेकायचा. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. म्हणजे प्रत्येक चालीआधी कोणी कुठे पळायचं हे आपसात ठरवावं लागतं, आणि चाल सुरू करताना बहुतेक संघांत मुख्य खेळाडू मोठ्याने ओरडून इशारा देतो.

आता सांगा, ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी हा खेळ खेळायचा कसा?

या मुलांनी २०१३ च्या हंगामात नियमित १० पैकी ९ सामने जिंकले. त्यांच्या गटातली बाकीची कॉलेजं ऐकू येणाऱ्यांची होती. त्या गटाचं विजेतेपद त्यांनी मिळवलं आणि राष्ट्रीय पातळीवरच्या तिसऱ्या श्रेणीच्या बाद फेरीत हा संघ पहिल्यांदाच पोहोचला. तिथे पहिल्याच सामन्यात होबार्ट कॉलेजकडून हरला. हरला तर हरला! मला तो हंगाम महत्त्वाचा वाटतो तो त्यामागच्या तयारीमुळे.

पूर्वी हा संघ मैदानाच्या कडेला मोठा ढोल वाजवायचा. त्याची थरथर अंगाला जाणवली की खेळाडू निघायचे. पुढे ते चेंडूवरच नजर ठेवायला शिकले. चेंडू हलला की सगळे एकदम सुटतात. जिथे कान चालत नाहीत, तिथे त्यांनी डोळे आणि अंग कामाला लावलं.

याहून मोठी गोष्ट १८९४ सालची. पॉल हबर्ड हा गॅलॉडेटचा खेळाडू. समोरचा संघही कर्णबधिरांचा असला, की यांच्या हातांच्या खुणा त्यांना लांबूनच वाचता यायच्या. मग हबर्डने आपल्या खेळाडूंना गोल उभं केलं आणि त्या गोलाच्या आत खुणा केल्या. याला 'हडल' म्हणतात आणि त्याचं श्रेय साधारणपणे हबर्डला दिलं जातं. आज ऐकू येणारे संघही असाच गोल करतात. आपले क्रिकेटपटू सामन्याआधी खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात ना, त्यालाही हडलच म्हणतात.

ऐकू न येणाऱ्यांनी आपल्या अडचणीवर काढलेला उपाय सगळ्यांच्या उपयोगी पडला. मला इथेच थांबावंसं वाटलं, कारण मला माझी एक चूक आठवली.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक कर्णबधिर मुलगा होता. पळण्यात एक नंबर. केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी खो-खोचा संघ निवडताना मी त्याला घेतलं नाही. "त्याला खो ऐकू येणार नाही, उगाच गोंधळ होईल," असं म्हणून मी त्याच्या हातात गुणफलक दिला. वर मलाच बरं वाटलं, की चला, त्यालाही सहभागी करून घेतलं! तो मात्र दिवसभर गुणफलकाकडे कमी आणि मैदानाकडे जास्त बघत होता.

खूप दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. खो देताना आपण नुसतं ओरडतो का? पाठीवर हात मारूनच खो द्यावा लागतो! कान नसले तरी पाठ होतीच की. राहिला प्रश्न पंचांच्या शिट्टीचा. शिट्टीबरोबर रुमाल हलवायची विनंती केली असती तर काम झालं असतं. रुमालाला कुठलं अनुदान लागतं?

२०२३ मध्ये गॅलॉडेटच्या संघाने एका मोबाइल कंपनीबरोबर तयार केलेलं खास हेल्मेट सामन्यात वापरून पाहिलं. प्रशिक्षकाने निवडलेली चाल खेळाडूला डोळ्यासमोरच्या छोट्या भिंगात दिसते. छानच आहे. पण अशा यंत्रांची वाट बघत आपण बसू नये. हबर्डकडे कुठलं यंत्र होतं?

काही शिक्षक म्हणतील, "मॅडम, दोन-दोन वर्ग एकत्र, त्यात ऑनलाइन माहित्या. एका मुलासाठी वेगळं कधी करायचं?" ही अडचण खरी आहे, मीही त्यातच आहे. पण माझं मत असं, की एका मुलासाठी केलेली सोय बहुतेक वेळा त्याच्यापुरती राहत नाही. मी आता सूचना तोंडी दिली की फळ्यावरही लिहिते आणि बोलताना मुलांकडे तोंड ठेवते. याचा फायदा मागच्या बाकावरच्या मुलांनाही झाला. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने देणं ही शाळेची जबाबदारीच आहे. ती आपली मेहेरबानी नाही.

पालकांनाही एक विनंती. "आमच्या पोराला राहू द्या बाजूला, लागेल त्याला," असं काळजीपोटी म्हणू नका. लागू दे थोडं गुडघ्याला. बाजूला बसवल्याचं लागतं ते जास्त दिवस दुखतं.

तो मुलगा आता माझ्या शाळेत नाही. त्याची संधी मी परत देऊ शकत नाही. पण यंदा तुमच्या शाळेत संघ निवडताना गुणफलक कोणाच्या हातात देताय, एवढं एकदा नक्की बघा.