नवी चेन, जुने दाते

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गाव ते कॉलेज ११ किलोमीटर, आणि वाहन म्हणजे वडिलांची जुनी सायकल.

गेल्या पावसाळ्यात तिची चेन सारखी उतरू लागली. दुकानदार म्हणाला, "चेन ताणलीय, नवी टाका." टाकली. दुसऱ्याच दिवशी चढावर जोर लावताच चेन दात्यांवरून सटकली, गुडघा फुटला आणि चाचणी परीक्षा बुडाली. मी नव्या चेनीला लाखोली वाहिली. पण तो चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार होता.

मित्रहो, चेन ताणते म्हणजे पोलाद लांबत नाही. कड्यांचे सांधे झिजतात आणि दोन पिनांमधले अर्ध्या इंचाचे अंतर वाढते. अशी चेन फ्रीव्हीलचे दातेही झिजवते. मग त्या दात्यांवर नव्या मापाची चेन नीट बसणार कशी?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, दुकानात पैसे काढण्यापूर्वी खिशातून पट्टी काढावी. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरून पुढच्या २४ पिना मोजाव्यात. नव्या चेनीत चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलावी. फ्रीव्हील बहुधा वाचते. १/८ इंच गेली असेल तर फ्रीव्हीलही बदलावे. साध्या सायकलला १/८ इंच रुंदीचीच चेन घ्यावी; गिअरवाल्या सायकलची अरुंद चेन जाड दात्यांवर बसत नाही. फ्रीव्हीलचे दातेही मोजावेत. १८ ऐवजी १६ दात्यांचे घेतले, तर ४८ दात्यांच्या चेनव्हीलबरोबर पेडलच्या एका फेरीत चाक तीन वेळा फिरते. सपाटीवर मजा वाटते, चढावर मात्र छाती भरून येते.

काहीजण म्हणतात, "एकदाच सगळे बदलून टाका." ज्यांना परवडते त्यांनी खुशाल टाकावे. आपल्यासारख्यांनी मोजून घ्यावे. केवळ स्वस्त भाग घेणे ही काटकसर नव्हे.

एक गोष्ट कबूल करतो. वडील शाळेत गेलेले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी फ्रीव्हीलवर बोट फिरवले आणि म्हणाले, "दातं गेल्यात, पोरा. चेन काय करंल?" हे त्यांना आधीच ठाऊक होते. कॉलेजात जाऊ लागल्यापासून त्यांना विचारायचे मीच सोडून दिले होते.