आश्वासनांचा हिशेब कोण मागणार?

निवडणूक जाहीर होताच कोल्हापूरच्या बिंदू चौकात व्यासपीठ उभे राहते, पेठापेठांतून पदयात्रा निघतात आणि आश्वासनांची खैरात सुरू होते. पंचगंगा निर्मळ होईल, शहराची हद्दवाढ होईल, वैभववाडीची रेल्वे धावेल! मतमोजणी संपते, गुलाल धुतला जातो आणि पुन्हा ‘ये रे माझ्या मागल्या’. मग कट्ट्याकट्ट्यांवर एकच निष्कर्ष निघतो : सगळे एकाच माळेचे मणी! मतदाराचा हा वैताग स्वाभाविक आहे. परंतु तो त्याच्या हिताचा आहे काय?

काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेचे उदाहरण बोलके आहे. मागणी अनेक दशकांची. केंद्राच्या योजनेतून तिला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, श्रेयाचे फलक झळकले. प्रत्यक्ष पाणी पुईखडीला पोहोचले ते २०२३ च्या दिवाळीत. सुमारे पन्नास किलोमीटरच्या वाहिनीला दहा वर्षे! या काळात लोकसभेच्या आणि विधानसभेच्या दोन-दोन निवडणुका पार पडल्या. हद्दवाढीची कथा याहून जुनी. महानगरपालिका १९७२ मध्ये स्थापन झाली. अर्धशतक उलटले तरी हद्द होती तेथेच राहिली. शहरातील सभेत हद्दवाढीचे समर्थन आणि वेशीबाहेरच्या गावांत सोयीस्कर मौन, अशी ही दुहेरी नीती आहे.

वचनभंगाला कायद्याची शिक्षा नाही. जाहीरनाम्यातील आश्वासन हा ‘भ्रष्ट आचार’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये स्पष्ट केले आणि आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. त्याच वर्षी मतदाराच्या हाती ‘नोटा’चे बटण आले. परंतु ते बटण राग नोंदविते, रस्ता बांधत नाही. उमेदवारांत सर्वाधिक मते मिळविणारा निवडून येतो आणि रागावलेला मतदार घरी परततो.

मग उपाय काय? तो कोल्हापूरनेच दाखविला आहे. शहरांतर्गत सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांसाठी तीस वर्षांचा टोल नागरिकांच्या माथी मारण्यात आला आणि २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. त्याविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे डाव्या विचारांचे नेते आणि त्यांच्या विचारांशी कधीही न जुळलेले कार्यकर्ते एकाच मोर्चात चालले. काही वेळा उद्रेकाने मर्यादा सोडली आणि नाके जळाले. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण लढा टिकला तो जाळपोळीमुळे नव्हे, तर सातत्यामुळे. सरकार बदलले, तरी कृती समितीने नव्या सत्ताधाऱ्यांना त्यांच्याच ‘टोलमुक्ती’च्या घोषणेची आठवण देणे थांबविले नाही. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये नागपूर अधिवेशनात कोल्हापूरचा टोल रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्याच खिशातून, झाली. सुरुवातीलाच करार तपासला असता, तर ही किंमत मोजावी लागली नसती.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणीही अशीच. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी ती दशकानुदशके जिवंत ठेवली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. दोन्ही ठिकाणी यश मिळाले ते मतदानाच्या दिवशी नव्हे, तर दोन निवडणुकांच्या मधल्या काळात.

येथेच मतदारालाही आरशात पाहावे लागेल. तालमीला खोली, मंडळाला वर्गणी आणि पेठेला तांबडा-पांढरा रस्सा मिळाला की जाहीरनामा कोण वाचतो? ज्याने मताची किंमत आगाऊ घेतली, त्याला पाच वर्षांनी हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार उरतो काय? शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पण अर्ध्यावर थांबलेले ते कामही डोळ्यांना दिसत होते. आज अर्ध्यावर थांबते ते काम नव्हे, केवळ भाषण.

‘सगळे सारखेच’ हे वाक्य मतदाराला शहाणपणाचे वाटते. पण ते सर्वाधिक सोयीचे असते वचन मोडणाऱ्यालाच. कारण सगळेच सारखे ठरले की त्याला स्वतंत्रपणे जाब विचारला जात नाही. म्हणून प्रत्येक प्रभागाने जाहीरनामा जपून ठेवावा आणि दरवर्षी त्यावर बोट ठेवून विचारावे : यातील काय झाले? राजाला राजधर्माची आठवण करून देणे हा प्रजेचाही धर्म आहे. तो विसरणाऱ्या समाजाला आश्वासनेच मिळतात, राज्य मिळत नाही.