सोनेरी शिरस्त्राण आणि समीक्षेचा अंधार

बर्लिनच्या संग्रहालयातील ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला पुरुष’ हे चित्र दीर्घकाळ रेम्ब्राँच्या प्रतिभेचा परमोत्कर्ष मानले गेले. शिरस्त्राणाच्या जाड रंगलेपावर प्रकाश पेटलेला आणि खाली नजर झुकवलेला चेहरा छायेत बुडालेला. या छायेत समीक्षकांना योद्ध्याचे एकाकीपण, वार्धक्य, युद्धाची व्यर्थता असे सारे सापडले. १९८५ मध्ये हे चित्र रेम्ब्राँचे नसून त्याच्या प्रभावळीतील कुणाचे तरी असल्याचे जाहीर झाले. रंगाचा कणही हलला नव्हता. दबदबा मात्र ओसरला. मग इतकी वर्षे वाचला जात होता तो छायाप्रकाश की स्वाक्षरी?

मराठी अभ्यासकांनी या फजितीला हसू नये. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत इब्राहिमखानाचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. तेथेही नाव आधी आले, चेहरा मागाहून.

तरीही आपल्याकडे एक मूल्यनिर्णय बिनदिक्कत उच्चारला जातो: दख्खनी व्यक्तिचित्रांत छाया नाही, म्हणून अंतरंग नाही. १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कलाशाळेने रुजवलेली दृष्टी येथे निसर्गनियम ठरते. छायेचे अज्ञान आणि छायेचा त्याग यांतील भेद या समीक्षेला उमगतच नाही. करमाळ्याला रावरंभा निंबाळकरांनी उभारलेल्या कमलाभवानीच्या मंदिरासमोर उंच दीपमाळा आहेत. अशा दीपमाळांच्या आणि मशालींच्या मुलखात माणसाने अंधारातून उजळणारा चेहरा पाहिला नव्हता, असे म्हणणे हास्यास्पद होय. दख्खनी चित्रकाराने छाया पाहिली आणि गाळली. क्षणिक उजेडापेक्षा कपाळ, नाक, हनुवटी यांच्या रेषेतून व्यक्तीचे स्थायी रूप त्याने बांधले. कट्यार आणि चिलखत यांना त्याने नाट्य दिले नाही, नेमकेपणा दिला.

खुद्द रेम्ब्राँने १६५० च्या दशकात मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. छायेच्या स्वामीला ज्या रेषेकडून शिकावेसे वाटले, तिला त्याचे मराठी भक्त उथळ ठरवतात. काळोखाला खोली समजणारी समीक्षा चित्र पाहत नाही. ती पाटी वाचते. पाटी बदलली की तिचे अंतरंगही बदलते.